इस्त्रीची पिन

प्रिय ताई,

शाळेत मी मुलांना एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर माझं मलाच देता येत नाही. ‘आता काय केलं म्हणजे बरं होईल?’ दोन वर्षं झाली हा प्रश्न विचारतेय. मुलं उत्तरं देतात. कुणी म्हणतं, मी तिला माझ्या रंगपेट्या देईन. कुणी म्हणतं, मी आठवडाभर तिच्याशेजारी बसेन, तिनं चिमटे काढले तरी. मी मान डोलावते आणि फळ्यावर लिहून घेते.

पत्र मोठ्या अक्षरात लिहितेय, ओळींमध्ये जागा सोडून, म्हणजे तुला बोट ठेवून वाचता येईल. एका दिवसात वाचायलाच हवं असं नाही. कंटाळा आला तर तुमच्या संस्थेतल्या मावशींना वाचायला दे. त्या भरभर वाचतात, तेव्हा ‘हळू’ म्हणून सांग. त्या रागावत नाहीत, मी विचारून ठेवलंय.

घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा दुखतो आणि ती तो दुखत नाही असं सांगते. बाबांनी दुकानाची पाटी रंगवून घेतली, पण रंगाऱ्यानं ‘इस्त्री’ इतकं मोठं काढलं की ‘करून मिळेल’ला जागाच उरली नाही. आता ते ‘मिळेल’ कोपऱ्यात मुंगीएवढं बसलंय. बाबा म्हणतात, ‘असू दे, ज्याला इस्त्री हवी तो येईल, ज्याला वाचायचं तो ग्रंथालयात जाईल.’ दुकानाच्या फळीवर तू घडी घातलेले रुमाल अजून आहेत. आठ वर्षं झाली, बाबा ते कुणाला वापरू देत नाहीत.

मागच्या महिन्यात मी तुला भेटायला आले होते, तेव्हा तू दोनच गोष्टी बोललीस. एक, चहा कोमट असतो. दर वेळी तू ही तक्रार करतेस आणि दर वेळी मी हसते आणि म्हणते, ताई, तू महाराणी आहेस, तुला वाफाळता चहा हवा. दुसरी गोष्ट तू मी निघताना म्हणतेस. माझ्या पिशवीवर हात ठेवून म्हणतेस, ‘पिन काढ.’ इस्त्रीची, विजेच्या बोर्डातली पिन. बाबा येतात तेव्हा त्यांना नाही सांगत. आईला नाही सांगत. मला, तुझ्या शेपटीला, एकटीलाच सांगतेस. मी ‘हो’ म्हणते आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत मागे वळून बघत नाही.

आता शाळेतली गोष्ट सांगते. सगळी सांगते, कारण ती तुझीही आहे.

आमच्या शाळेत काही मुलांना शिकताना जास्तीची मदत लागते. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला शब्द सापडत नाहीत, कुणाला गोंगाट सोसत नाही. मी त्यांची बाई. मी आले तेव्हा शाळेत कुणी भांडलं, काही मोडलं, की त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. मला ते बघवत नसे. मी एका प्रशिक्षणाला गेले आणि नवीन रीत शिकून आले. शिक्षा करायची नाही. सगळ्यांनी गोल बसायचं. लोकरीचा एक चेंडू हातोहात फिरतो, तो ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. चार प्रश्न विचारायचे. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कुणाला त्रास झाला? आता काय केलं म्हणजे बरं होईल? मुलं त्याला नुसतं ‘गोल’ म्हणतात. ‘बाई, ही मला टपली मारते, हिचा गोल करा!’ ताई, मला इतका अभिमान होता त्या गोलाचा. घरातली पहिली पदवीधर मी, जग सुधारायला निघाले होते आणि माझ्याजवळ लोकरीचा चेंडू होता.

माझ्या वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. सगळे तिला घड्याळबाई म्हणतात. ती स्वतःहून फार बोलत नाही, आपण बोललेलंच परत म्हणते. पण वेळ तिला बरोब्बर कळते, भिंतीकडे न बघता. ‘दहा वाजून पाच!’ म्हणते आणि खरंच दहा वाजून पाच झालेले असतात. मधली सुट्टी अकरा चाळीसला होते. साडेअकराला ती जिथे असेल तिथून उठायची आणि थेट शिपाईकाकांकडे जायची. ते घंटेखाली स्टुलावर बसलेले असतात. ती शेजारी उभी राहायची, दहा मिनिटं एकेक मिनिट सांगायची आणि चाळीस झाले की ‘आता!’ म्हणायची. मग काका टोला द्यायचे. ते तिला ‘माझी भागीदार’ म्हणायचे. हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मलाही माहीत होतं. हे लक्षात ठेव.

वर्गात एका मुलीला फार कमी दिसतं. तिला शाळा ओळखता यावी म्हणून मुलांनी महिनाभर खपून शाळेचा मोठा तक्ता केला, हातानं चाचपायचा. व्हरांडा खरखरीत कागदाचा, ग्रंथालय मखमलीचं, नळ चांदीच्या कागदाचे, जिना आइस्क्रीमच्या काड्यांचा. ती मुलगी डोळे मिटून जिन्यावरून बोटं चढवायची आणि मोजायची. एक दिवस वर्ग खेळाच्या तासाला मैदानावर गेला, मधली सुट्टी संपवून परत आला, तर तक्ता मधोमध फाटून जमिनीवर पडलेला. आणि त्याच्याशेजारी घड्याळबाई बसलेली, मुठीत मखमलीचा तुकडा.

मैदानावरून सगळ्यांच्या आधी तीच उठून गेली होती. तुकडाही तिच्याच मुठीत. मला वाटलं, यात विचारायचं काय राहिलं? तरी मी रागावले नाही. मी चांगली बाई ना! मी गोल केला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मागे येऊन बसल्या. चेंडू फिरला. कमी दिसणारी मुलगी म्हणाली, ‘मला आता जिना सापडत नाहीये.’ एवढंच. वर्गाची मॉनिटर हुशार आहे, छान बोलते. तिनं चेंडू घट्ट धरला आणि म्हणाली, ‘मला खूप वाईट वाटतंय. पण घड्याळबाई मुद्दाम नाही करणार.’ मला भरून आलं. किती समजूतदार पोर, असं वाटलं.

मग चेंडू घड्याळबाईकडे आला. ती तो दाबत बसली. मी विचारलं, ‘काय झालं?’ ती म्हणाली, ‘काय झालं.’ मी विचारलं, ‘तू तक्त्यापाशी गेलीस का?’ ती म्हणाली, ‘गेलीस का.’ मी पुढे वाकले, अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘तू फाडलास का गं?’ तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. आणि एका दमात म्हणाली, ‘माझं चुकलं. परत नाही करणार.’

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी डोळे पुसले. इतकं पूर्ण वाक्य तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं, मला आनंदच झाला. ते वाक्य तिला कुणी, कधी, किती वेळा घोकून शिकवलं असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. कमाल आहे, ताई. जगात दुसऱ्या कुणाच्या नसतं आलं तरी माझ्या मनात यायला हवं होतं.

मग चौथा प्रश्न. ठरलं असं, की रोज साडेअकरापासून बारापर्यंत तिनं माझ्याजवळ बसून तक्ता चिकटवायचा. मी ‘चालेल?’ विचारलं, ती ‘चालेल’ म्हणाली. पहिले तीन दिवस साडेअकराला ती उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. ‘आधी दुरुस्ती, राणी.’ ती दाराकडे बघत चिकटवत राहायची. चाळीसचा टोला पडला की दचकायची. चौथ्या दिवशी उठलीच नाही. सातव्या दिवसापासून तिनं वेळ सांगणं सोडलं. मी वहीत लिहिलं, ‘वर्तन शांत. चांगली प्रगती.’ ते पान अजून आहे. मी फाडलेलं नाही.

दहाव्या दिवशी शिपाईकाका वर्गाच्या दाराशी आले. चपला बाहेर काढून, हात पाठीमागे बांधून. म्हणाले, ‘बाई, एक विचारू? रागावणार नाही ना? माझी भागीदार रजेवर आहे का?’ मी त्यांना तक्त्याची हकिगत सांगितली. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, ‘खेळाचा तास होता त्या दिवशी? त्या दिवशी ती साडेअकराला माझ्याकडे आली. टोला तिनंच द्यायला लावला. मग तिला डबा खायला मीच वर्गापर्यंत आणून सोडली. दार उघडलं तेव्हा तक्ता खालीच होता. ही बसून तुकडे वेचायला लागली, मला वाटलं, काय गुणाची पोर.’ मी म्हटलं, ‘काका, तुम्ही सांगितलं का नाही?’ ते म्हणाले, ‘तिच्यावर आलंय हे मला कसं कळणार? मला कुणी विचारलं, बाई? तुमच्या त्या गोलात माझी खुर्ची कुठे होती?’

नव्हती. ज्यांना त्रास झाला ते सगळे मी बोलावले होते. ज्याला खरं माहीत होतं तो दाराबाहेर घंटेखाली बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एवढंच सांगितलं, की तक्ता घड्याळबाईनं फाडला नव्हता आणि ती चूक माझी होती. कुणी फाडला ते विचारलं नाही. मधल्या सुट्टीत मॉनिटर माझ्या टेबलापाशी आली. वेणीचं टोक तोंडात घालून उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, त्या दिवशी घंटेच्या जरा आधी मी दोरीउड्यांच्या दोऱ्या ठेवायला आले होते. कोपऱ्यात ओढताना तक्ता अडकला. मी सांगणारच होते. खरंच सांगणार होते. पण तिनं आधी सांगून टाकलं.’

ताई, मी तिला रागावू शकले नाही. हे वाक्य आठ वर्षं माझ्या पोटात आहे, शब्द न् शब्द.

तुला आठवतं, माझी परीक्षा चार दिवसांवर होती. बाबा कपडे पोचवायला गेले होते, आई कामावर. खाणावळीच्या टेबलांवरची कापडं इस्त्री करायची होती, ते काम माझं. तू खाली बसून रुमालांच्या घड्या घालत होतीस. माझी मैत्रीण जिन्यात आली, हातात प्रश्नसंच. मी इस्त्री तशीच कापडावर आडवी ठेवली आणि ‘आलेच’ म्हणून गेले. पिन काढली नाही. आम्ही जिन्यात बसून अख्खा एक धडा उलगडला. धुराचा वास आला तेव्हा मी धावले. तू जळतं कापड ओढून काढत होतीस, लोकांचे कपडे वाचवायला. तुझ्या मनगटावरचा तो लांबट डाग तेव्हाचा आहे. फळ्या पेटल्या होत्या. शेजाऱ्यांनी पाणी मारलं. बाबा आले. त्यांनी विचारलं, ‘इस्त्री कुणी ठेवली?’ मी तोंड उघडलं होतं, ताई. देवाशपथ उघडलं होतं. पण तू माझ्या आधी म्हणालीस, ‘माझं चुकलं. परत नाही करणार.’

आणि मी तोंड मिटलं.

बाबा तुझ्यावर ओरडले नाहीत. ते घाबरले. रात्रंदिवस एकच म्हणायचे, ‘उद्या आपण घरी नसताना हिलाच काही झालं तर?’ तिसऱ्या महिन्यात तुला संस्थेत ठेवायचं ठरलं आणि तुझी पेटी भरली. मी परीक्षेत पहिली आले होते. तुला गाडीत बसवताना तू मला ‘पिन काढ’ म्हणालीस, तेव्हा आई म्हणाली, ‘बघ, अजून तेच घेऊन बसलीय बिचारी.’ पुढे मी शिकत गेले. लोक म्हणायचे, बहिणीसाठी ही या शिक्षणाला गेली, केवढं मन! मी मान खाली घालायचे, लोकांना तो विनय वाटायचा. मला वाटायचं, तुझ्यासारख्या शंभर मुलींचं भलं केलं की एकीचं राहिलेलं फिटेल. फिटत नाही. मी तर एकशे एकावी तयार केली.

घड्याळबाईसाठी मी परत गोल केला. या वेळी काकांना खुर्ची होती. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. चेंडू दिसल्याबरोबर तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले, म्हणून चेंडू मी कपाटात टाकला, तो आता तिथेच राहील. प्रश्न तिला विचारलेच नाहीत. मी चित्रं काढून नेली होती, ती जमिनीवर मांडली आणि चारही प्रश्नांची उत्तरं मी दिली, कारण चुकलेली मी होते. मॉनिटरनंही तिचं सांगितलं, रडत रडत. घड्याळबाईनं कुणाकडेच बघितलं नाही. सगळं संपल्यावर तिनं घंटेचं चित्र उचललं, चार घड्या केल्या आणि खिशात घातलं. आता ती साडेअकराला घंटेपाशी जाते. उभी राहते. पण वेळ सांगत नाही. काका रोज विचारतात, ‘किती वाजले, भागीदार?’ आणि उत्तर आलं नाही की स्वतःच घड्याळात बघून टोला देतात. कदाचित ती परत सांगेल. कदाचित नाही सांगणार. टाळ्या वाजवल्या की सगळं जुळतं असं मला आता वाटत नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी आईबाबांना सांगितलं. बाबा सदऱ्याची कॉलर करत होते. मी म्हटलं, ‘बाबा, ती इस्त्री मी ठेवली होती.’ त्यांना आधी कळेचना. म्हणाले, ‘कुठली? ही? बरी चाललीय की.’ मग कळलं. त्यांनी इस्त्री उभी केली, पिन काढली आणि कपड्यांच्या गाठोड्यावरच बसले. आई म्हणाली, ‘मग ती का म्हणाली चुकलं म्हणून?’ बाबा म्हणाले, ‘ती म्हणायचीच गं. दूध उतू गेलं तरी म्हणायची, दिवे गेले तरी म्हणायची. ती म्हणाली की आपण गप्प व्हायचो.’ मग आई माझ्याकडे वळली. ‘तू सोळा वर्षांची होतीस,’ ती म्हणाली. मला वाटलं, मला जवळ घेईल. पण ती पुढे म्हणत राहिली, ‘मग सतरा झालीस. अठरा झालीस. एकोणीस. वीस झालीस.’ चोवीसपर्यंत म्हणाली आणि आत निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ते बरोबरच आहे.

हे पत्र माफी मागायला नाही. ‘माफ करशील का’ विचारलं तर तू लगेच ‘हो’ म्हणशील, माझा चेहरा बघायच्या आधीच, म्हणून मी विचारणार नाही. तूही या पत्राला उत्तर म्हणून ‘चुकलं’ म्हणू नकोस. तुझं काहीच चुकलं नव्हतं. पाकिटात दोन चित्रं आहेत, एक आपल्या दुकानाचं, म्हणजे घराचं, एक तुझ्या तिथल्या खोलीचं. कुठे राहायचं ते तू ठरव आणि ते चित्र मावशींकडे दे. घाई नाही. दोन्ही खिशात ठेवलीस तरी चालेल. मंगळवारी बाबा आणि मी तुमच्या संस्थेच्या कार्यालयात आलो होतो. तू तेव्हा कामाच्या खोलीत होतीस, खिडकीतून तुझी पाठ दिसली. तुझी फाईल मी पहिल्यांदा वाचली. पहिल्याच पानावर होतं, ‘घरी आग लावली. गरम वस्तूंपासून दूर ठेवणे. स्वयंपाकघर व इस्त्रीची खोली बंद.’ तुझा चहा आठ वर्षं त्या ओळीमुळे कोमट होता, आणि मी हसत होते. सोमवारी मावशी तुला इस्त्रीच्या खोलीत नेतील, वाफाळता चहा देतील. तू घाबरशील, मागे सरशील, आज एकदम असं का, ते तुला कळणार नाही. म्हणून हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडायला हवं. त्या ओळीवर मी रेघ मारली, ताई, आणि खाली लिहिलं, ‘आग हिनं लावली नाही. इस्त्री मी चालू ठेवली होती. हिनं आग विझवताना हात भाजून घेतला.’ मग माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

तुझीच,
शेपटी